पाठीवरचे बिऱ्हाड आणि दक्षिणेचे अरण्य

ऑस्ट्रेलिया खंडाचा नकाशा समोर पसरला म्हणजे किनाऱ्यालगतची मोजकी मोठी शहरे आणि त्यांच्या पाठीमागचा अफाट, बहुतांशी कोरडा मुलूख अशी सरळ विभागणी नजरेत भरते, आणि प्रवासाचा बेत आखणारा मनुष्य मग शहरांसाठी अमुक दिवस व अरण्यासाठी तमुक असा हिशेब मांडू लागतो. पाठीवर बिऱ्हाड घेऊन त्या देशातून हिंडताना मात्र आम्हा उभयतांना ही विभागणी दिवसेंदिवस कृत्रिम वाटू लागली. तेथील जी अरण्ये आज शाबूत आहेत, त्यांपैकी पुष्कळशी शहरांतून पायी निघालेल्या सामान्य नागरिकांनी, आणि विशेष म्हणजे अनेकदा पतिपत्नींच्या जोडीने, राखून ठेवलेली आहेत; म्हणून त्यांचा इतिहास सरकारी दफ्तरांत जितका सापडतो तितकाच पायवाटांवरही वाचावा लागतो.

सिडनीचेच पाहा. शहराच्या मध्यवर्ती स्थानकावरून लोकलने क्रोनुल्ला, तेथून लहानशा बोटीने बंडीना, आणि मग एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस झुडपांचे रान ठेवून वालुकाश्माच्या कड्यांवरून ऑटफर्डपर्यंत सव्वीस किलोमीटरांची वाट, जिच्या शेवटी पुन्हा शहराकडे परतणारी आगगाडी मिळते. हे रॉयल राष्ट्रीय उद्यान १८७९ साली राखीव झाले; राष्ट्रीय उद्यान या नात्याने त्याच्याहून जुने असे अमेरिकेतील यलोस्टोनच तेवढे सांगितले जाते. महानगराच्या वेशीवर, गिरणी-कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात, एवढा विस्तीर्ण भूभाग नागरिकांच्या विसाव्यासाठी बाजूला काढून ठेवण्याची बुद्धी तत्कालीन अंमलदारांना झाली, याबद्दल मला त्यांचा मनःपूर्वक आदर वाटतो.

परंतु सगळेच काही अंमलदारांनी केले नाही. सिडनीच्या पश्चिमेस, आगगाडीने दोनेक तासांवर, ब्लू माउंटन्स नावाची पर्वतराजी आहे. निलगिरीच्या असंख्य वृक्षांतून उडणाऱ्या तैलकणांमुळे तेथील दऱ्यांवर निळसर धूसरता पसरलेली असते असे सांगतात. तेथील ग्रोझ खोऱ्याच्या तळाशी उंच, सरळ, निळ्या-करड्या बुंध्यांच्या निलगिरीचे एक वन आहे. १९३१ च्या ईस्टरच्या सुटीत तेथे उतरलेल्या पदयात्रींना कळले की, त्या जमिनीचा पट्टेदार ही झाडे तोडून अक्रोडाची लागवड करणार आहे. जागतिक मंदीने लोक हवालदिल झालेले असतानाही या हिंडत्या मंडळींनी वर्गणी जमवली, एकशे तीस पौंड मोजून त्याचा हक्क सोडवून घेतला, आणि वन वाचवले. त्या वृक्षांच्या खाली आम्ही मुक्काम केला तेव्हा त्या १३० पौंडांची पुन्हा पुन्हा आठवण होत होती. आपल्या मालकीची होणार नाही अशी गोष्ट विकत घेण्यासाठी पदरचे पैसे टाकणाऱ्या त्या माणसांविषयीची कृतज्ञता शब्दांत मांडणे मला कठीण जाते.

त्या चळवळीचे अध्वर्यू माइल्स डन्फी. नकाशे काढणे हा त्यांचा आजन्म ध्यास. ज्या खोऱ्यांची धड मोजणी झाली नव्हती ती पायाखाली घालून त्यांनी रेखाटली आणि कोणता प्रदेश राखावा याचे तपशीलवार प्रस्ताव सरकारदरबारी वर्षानुवर्षे पाठवले. त्याच १९३१ साली ते आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट आपल्या लहानग्या मुलाला, मायलोला, मुद्दाम दुरुस्त केलेल्या बाबागाडीत घालून कनंग्राच्या दुर्गम कड्यांच्या मुलुखातून फिरून आले. ‘कनंग्रा एक्स्प्रेस’ म्हणून ओळखली जाणारी ती गाडी आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तो मुलगा पुढे वडिलांप्रमाणेच अरण्यरक्षणाचा खंदा पुरस्कर्ता झाला. मूल झाले म्हणजे डोंगर सुटले, ही आपल्याकडील अनेक घरांतली रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मार्गारेटबाईंच्या धीराचे मोल वेगळे सांगावयास नको.

पाठपिशवीच्या प्रवासाला ज्या जोडप्याने जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली तेही याच देशात येऊन स्थिरावले. टोनी व मॉरीन व्हीलर हे नवविवाहित दांपत्य लंडनहून निघून आशिया ओलांडीत १९७२ च्या अखेरीस सिडनीत दाखल झाले तेव्हा त्यांच्या गाठीस सत्तावीस सेंट उरले होते. लोकांच्या चौकशांना उत्तरे देता देता पुढच्या वर्षी त्यांनी एक पुस्तिका छापली, आणि तिच्यातून ‘लोनली प्लॅनेट’ ही प्रकाशनसंस्था जन्मास आली. मेलबर्नमध्ये तिचा व्याप वाढला. त्या शहरात आमचा मुक्काम थोडका झाला, तो मुख्यतः पुढच्या वाटेसाठी १८७८ पासून भरणाऱ्या क्वीन व्हिक्टोरिया बाजारातून तांदूळ, डाळ आणि सुकामेवा घेण्यापुरता.

खरे गुंतलो ते टास्मानियात. क्रेडल पर्वतापासून सेंट क्लेअर सरोवरापर्यंतच्या पासष्ट किलोमीटरांच्या वाटेचा आरंभ बूट धुण्याने होतो. झाडांची मुळे कुजवणारा एक रोग मातीतून पसरतो, आणि ती माती बुटांच्या तळव्यांना चिकटून खोऱ्याखोऱ्यांतून फिरते. देशात पाऊल टाकतानाच कस्टम्सच्या अंमलदाराने आमचे बूट व तंबूचे खिळे तपासून, त्यांवर सह्याद्रीची माती राहिली नाही याची खात्री करून घेतली होती. अरण्याच्या दारात पुन्हा तोच संस्कार. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत या वाटेवर आगाऊ नोंदणी व शुल्क लागते आणि सर्वांनी उत्तरेकडून दक्षिणेकडेच चालावयाचे असते. लाकडे पेटवण्यास मनाई असल्याने स्वयंपाक स्टोव्हवर. एकीच्या पाठीवर भांडी व शिधा, दुसऱ्याच्या पाठीवर तंबू. मुक्कामाच्या झोपड्यांशेजारी पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्या असतात. करावाँग नावाचा काळा, पिवळ्या डोळ्यांचा पक्षी चोचीने पिशवीची चेन उघडून खाऊ पळवतो, म्हणून पिशव्या उघड्यावर टाकून कोणी दूर जात नाही. वाटेवर बटनग्रासची ओली माळराने, किंग बिली पाइनचे शतकानुशतके जगणारे वृक्ष, आणि ज्यांच्या पाठीमागे ढग दिवसभर उतरत-चढत राहतात असे डोलेराइटचे कडे.

ही वाट राखली जाण्याच्या मुळाशीही एक दांपत्य आहे. ऑस्ट्रियातून आलेले गुस्टाव्ह वाइनडॉर्फर आणि टास्मानियाच्या केट कॉवल या दोघांना वनस्पतींच्या अभ्यासाने एकत्र आणले. १९०६ साली विवाह झाल्यावर मधुचंद्राचे आठवडे त्यांनी माउंट रोलंडवर तंबूत काढले, १९१० च्या जानेवारीत ती उभयता क्रेडलच्या माथ्यावर पोहोचली, आणि हा प्रदेश सर्व जनतेसाठी सदैव राखला पाहिजे असा निश्चय तेथेच झाला. १९१२ मध्ये किंग बिली पाइनच्या लाकडाचे ‘वाल्डहाइम’ हे अतिथिगृह उभे राहिले. केटबाई १९१६ मध्ये निवर्तल्या; गुस्टाव्ह क्रेडलच्या दरीतच राहिले, सभा-व्याख्यानांतून लोकमत जागवीत राहिले, आणि १९२२ मध्ये तो मुलूख राखीव जाहीर झाला. १९३२ साली त्यांचेही तेथेच निधन झाले. दोन माणसांच्या स्नेहातून एका पर्वतराजीला कायद्याचे कवच लाभावे, ही गोष्ट मला कोणत्याही पराक्रमाइतकीच थोर वाटते.

तथापि या सर्व कथेत एक उणीव आहे, आणि खंडाच्या मध्यभागी गेल्यावर ती टाळता येत नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्सपासून पश्चिमेस जाणारी सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांची लारापिंटा वाट आम्ही तुकड्यातुकड्यांनी चाललो. तांबड्या क्वार्ट्झाइटच्या कण्यावरून, पांढऱ्या खोडांच्या घोस्ट गमच्या सावलीतून, दोन दिवसांच्या चालीपेक्षा अधिक अंतर पडू नये अशा बेताने ठेवलेल्या पाण्याच्या टाक्यांच्या भरवशावर. हा अरेर्न्टे लोकांचा देश. ज्यांना नवागतांनी ‘अस्पर्शित’ म्हटले ती रानेही सहस्रावधी वर्षे कोणाच्या तरी निगराणीत होती, त्या लोकांची पाणवठ्यांची माहिती आणि ऋतुमानानुसार गवत जाळण्याची रीत त्या भूमीला घडवीत होती. आणि उद्यानांच्या सीमा आखणाऱ्यांनी हे मूळ धनी बहुधा विचारात घेतले नाहीत.

उलुरू या प्रचंड शिळेच्या ठिकाणी या बाबतीत काही दुरुस्ती झाली. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी ती जमीन तिचे मूळ धनी असलेल्या अनंगू लोकांच्या नावे परत करण्यात आली आणि त्यांनी ती नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने केंद्र सरकारला उद्यानासाठी दिली. व्यवस्थापन मंडळात त्यांचे बहुमत असते. ३४८ मीटर उंचीच्या त्या शिळेवर चढू नये अशी त्यांची विनंती फलकांवर होती, तरी लोक चढत. शेवटी मंडळाच्या निर्णयाने २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. आता शिळेभोवती सुमारे दहा किलोमीटरांची प्रदक्षिणा घालता येते. काही ठिकाणी छायाचित्र घेऊ नये असे लिहिलेले आहे, कारण तेथील कथा ठरावीक स्त्रियांनी किंवा ठरावीक पुरुषांनीच जाणावयाच्या असतात. आम्ही सकाळी लवकर निघालो, त्या जागी आल्यावर कॅमेरा पिशवीत ठेवला, आणि मुटिजुलूच्या पाणवठ्यावर वनरक्षकाने गुहेतील जुन्या चित्रांविषयी जेवढे सांगितले तेवढे ऐकून घेतले. उरलेले विचारले नाही.