पाणी दाराशी का साचतं?

मैत्रिणींनो, न्हाणीघराला नवी फरशी बसली की आपण हरखतो. पण पाणी जाळीकडे न जाता दाराशीच साचलं तर? आमच्या सासूबाई त्याच पाण्यावरून घसरल्या, थोडक्यात निभावलं.

म्हणून मसाला ओला आहे तोवरच गवंड्याची पाणसळ, म्हणजे बुडबुड्याची लेव्हल, मागून घ्या. आधी तीच पारखा. बुडबुडा पाहून ठेवा, मग तिथेच टोकं उलटसुलट करा. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच जागी हवा. आता ती दाराकडून जाळीकडे ठेवा आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत जाळीकडचं टोक उचला. २ फुटी पाणसळ असेल, तर उचललेल्या टोकाखाली निदान अर्धा इंच फट दिसायला हवी. तोच उतार!

गवंडीदादा कुरकुरले तर कुरकुरू देत. फरशी उखडण्यापेक्षा ते परवडलं, नाही का?