शाळेच्या हॉलमध्ये गल्याथ कोसळतो तेव्हा! 🎭

इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत रोजची सामूहिक उपासना १९४४ च्या शिक्षण कायद्याने बंधनकारक झाली. पालकांना मुलाला त्यातून वगळून घेता येतं.

याच वेळेत अनेक प्राथमिक शाळांत चर्चचे स्वयंसेवक बायबलमधल्या गोष्टी नाटुकल्यांतून सादर करतात. बायबल सोसायटीचा ‘ओपन द बुक’ हा असाच उपक्रम.

आणि काय धमाल असते! मुलं फरशीवर मांडी घालून बसलेली. छोटा दावीद गोफण फिरवतो, धिप्पाड योद्धा गल्याथ धाडकन आडवा होतो, हॉलभर हशा पिकतो. निळी चादर हलवली की योनाच्या गोष्टीतला समुद्र तयार. मेंढरं कोण होणार विचारलं, की सगळेच हात वर!

तुम्हीही मुलांसमोर नाटुकलं करणार असाल तर संवाद कमी आणि हालचाल भरपूर ठेवा. पोरं खूश!

#बालनाट्य #गोष्टी