लेखकाशी संवाद : जबलपूरची दोन उदाहरणे

लेखकाशी होणारे संभाषण दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात प्रश्नकर्ता केवळ निमित्तमात्र असतो. लेखकाचे बालपण, त्याच्या सवयी, त्याचे आगामी पुस्तक यांविषयी तो विचारतो व मिळेल ते उत्तर टिपून घेतो. दुसऱ्या प्रकारात प्रश्नकर्ता लेखकाला अडवितो; दिलेल्या उत्तरातून नवी शंका काढतो आणि आपल्या विधानाची पुन्हा तपासणी करणे लेखकाला भाग पाडतो. इतिहास, राजकारण किंवा तत्त्वविचार यांसारख्या वादग्रस्त विषयांत ज्ञानाची भर पडते ती बहुधा या दुसऱ्या प्रकारातूनच.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपातच लिहिले आहे. दशावतारांच्या कथांमागे दडलेला इतिहास शोधताना जोतीरावांना धोंडिबाच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात, आणि त्याच शंकांच्या आधाराने सामान्य वाचकही त्या युक्तिवादात एकेक पाऊल पुढे जातो.

याच परंपरेशी नाते सांगणारी दोन उदाहरणे महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, जबलपूर शहरात सापडतात. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर आणि जबलपूर ही शहरे एकाच राज्यात होती. त्यामुळे येथील साहित्यव्यवहारात मराठी आणि हिंदी यांच्यामधली भिंत कधीच फार उंच नव्हती. शहराच्या पूर्वेकडील रांझीसारख्या, संरक्षण खात्याच्या कारखान्यांच्या परिसरातील वस्तीत घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी, हा नित्याचा अनुभव आहे.

गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) हे अशाच दोन भाषांच्या सीमेवरचे लेखक. त्यांची मातृभाषा मराठी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे मराठीतील नामवंत कवी व कादंबरीकार. गजानन मुक्तिबोधांनी मात्र हिंदीत लेखन केले. काही काळ ते जबलपुरात शिक्षक होते. पुढे हरिशंकर परसाई यांनी जबलपूरहून चालविलेल्या ‘वसुधा’ या मासिकात त्यांनी जे लेख लिहिले, त्यांतूनच मुख्यतः ‘एक साहित्यिक की डायरी’ हे १९६४ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक सिद्ध झाले.

नावाने ही रोजनिशी असली, तरी तिच्यात दिवसांची नोंद नाही. आहेत ती मित्रांशी चाललेली दीर्घ संभाषणे. ‘तीसरा क्षण’ या प्रसिद्ध लेखात कलानिर्मितीचे तीन क्षण सांगितले आहेत. जीवनातील उत्कट अनुभव हा पहिला. तो अनुभव आपल्या वेदनामय मुळांपासून सुटा होऊन एखाद्या कल्पनाचित्रासारखा मनासमोर उभा राहतो, तो दुसरा. ते चित्र शब्दांत उतरू लागते आणि उतरता उतरता स्वतःच बदलत जाते, तो तिसरा. विशेष हे, की हा सिद्धांत लेखकाने स्वतःच्या तोंडी न घालता केशव नावाच्या मित्राच्या तोंडी घातला आहे, आणि शंका विचारण्याचे काम ‘मी’कडे ठेवले आहे. सिद्धांत मांडणाऱ्याइतकाच त्याला अडविणाराही आवश्यक असतो, ही जाणीव या रचनेमागे आहे.

अनुवादकाला येथे एक अडचण येते. मुक्तिबोधांनी त्या कल्पनाचित्रासाठी ‘फँटसी’ हा इंग्रजी शब्दच वापरला आहे. मराठीत त्याला ‘स्वप्नरंजन’ म्हटले तर वास्तवापासून पळ काढल्याचा भास होतो, आणि मुक्तिबोधांना अभिप्रेत आहे ते नेमके याच्या उलट. अशा वेळी मूळ शब्द तसाच ठेवणे व भोवतालच्या वाक्यांतून त्याचा अर्थ उलगडू देणे, हाच मार्ग उरतो.

याच लेखकाच्या आयुष्यात संवाद खुंटल्याचाही एक प्रसंग आहे. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने बंदी घालून मागे घेतले. इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकावर आक्षेप घेता येतात, आणि ते घेतले जावेत हे उचितच होय. आक्षेप म्हणजे न विचारलेला प्रश्नच असतो. तो विचारला गेला तर लेखकाला पुरावा द्यावा लागतो किंवा मत बदलावे लागते. बंदीने या दोन्ही शक्यता संपतात. आक्षेप घेणाऱ्याला उत्तर मिळत नाही, लेखकाला आपली चूक किंवा आपले म्हणणे सिद्ध करता येत नाही, आणि ज्या विद्यार्थ्याने दोन्ही बाजू ऐकावयाच्या, त्याच्या हाती काहीच उरत नाही.

दुसरे उदाहरण ‘वसुधा’चे संपादक परसाई यांचेच आहे. १९८० नंतरच्या दशकात ‘देशबंधु’ या दैनिकातून ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत असत. हे लेखन पुढे ‘पूछो परसाई से’ या नावाने पुस्तकरूपात आले. आरंभी येणारे प्रश्न पुष्कळदा हलकेफुलके आणि चित्रपटांविषयीचे असत. परसाईंनी त्यांची हेटाळणी केली नाही. उत्तरे देता देता त्यांनी वाचकाला इतिहास, समाज आणि राजकारण यांच्याकडे वळविले, आणि हळूहळू प्रश्नांचाही दर्जा पालटत गेला. येथे प्रश्नकर्ता कोणी विद्वान नव्हता, तर पैसे मोजून वर्तमानपत्र घेणारा सामान्य नागरिक होता. चांगला प्रश्न विचारणे हे शिकता येण्यासारखे कौशल्य आहे, हे त्या सदराने दाखवून दिले.

अशी संभाषणे वाचताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. प्रश्नकर्त्याने उत्तर जसेच्या तसे स्वीकारले की त्यावर पुढचा प्रश्न केला? लेखकाने शंकेला उत्तर दिले की विषय बदलला? आणि संभाषणाच्या अखेरीस लेखकाचे म्हणणे आरंभी होते तसेच राहिले, की त्यात काही दुरुस्ती झाली? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या संभाषणात सापडते, ते पुन्हा वाचावे. कारण त्यात केवळ निष्कर्ष हाती येत नाही, तर तो कोणत्या शंकांना तोंड देऊन टिकला हेही कळते, आणि वाचकाला आपली स्वतःची शंका कोठे मांडावयाची याची जागा सापडते.