दादांची वखार, कागद कोणाच्या नावावर?

शिरड शहापूर, औंढा, वसमत या पट्ट्यात जुन्या घराचा मोठेपणा खणांवर मोजायचे. माळवदाच्या घरात खांब, तुळया, छताच्या फळ्या, सगळं लाकडाचं. बैलगाडीला आणि औतांना बाभूळ, चौकटीला सागवान किंवा कडुनिंब. म्हणून बाजाराच्या गावात लाकडाची वखार चालायचीच. मराठवाड्यातल्या अनेक मुस्लिम घरांनी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला.

केरळात कोळिकोडजवळच्या कल्लाई नदीकाठी लाकडाची मोठी बाजारपेठ उभी राहिली. नीलंबूरच्या जंगलातले ओंडके चाळियार नदीतून तरंगत खाली यायचे आणि मापिला मुस्लिम व्यापारी ते विकायचे. आपल्या पूर्णा-कयाधूला पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात खडखडाट. त्यामुळे इथं लाकूड आलं ते बैलगाडीनं, रेल्वेनं आणि नंतर ट्रकनं.

पुढे सिमेंटचा स्लॅब आला, लोखंडी चौकटी आणि प्लायवूड आलं. गिऱ्हाईक कमी झालं, पण आरा मशीनच्या परवान्याची किंमत मात्र वाढली. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टानं गोदावर्मन खटल्यात जंगलातल्या विनापरवानगी आरा गिरण्या थांबवल्या. ऑक्टोबर २००२ मध्ये केंद्रीय समितीच्या मंजुरीशिवाय नवी गिरणी काढायला राज्यांना मनाई केली. २०१६ च्या केंद्राच्या नियमांनी हे काम राज्यस्तरीय समितीकडे आलं. म्हणजे दादांच्या काळातला परवाना एकदा हातचा गेला, तर नवा मिळणं सोपं नाही.

खरी अडचण इथूनच सुरू होते. दादा मरहूम झाले, मशीन मोठा मुलगा चालवतो, परवाना मात्र अजून दादांच्याच नावावर. ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ ही कायद्यातली सोय मुस्लिम घराला लागू नाही. एका चुलीवर जेवलो म्हणून मालमत्ता एकत्र ठरत नाही. इंतकाल होताच प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो. भागीदारी असेल, तर १९३२ च्या कायद्याप्रमाणे भागीदाराच्या मृत्यूनं ती संपते, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर.

हिशोब असा. आधी कफन-दफनाचा खर्च, मग बाकी मेहरसकट सगळं कर्ज, मग वसीयत असेल तर जास्तीत जास्त एक तृतीयांश. उरलेल्यात, समजा मागे बायको, दोन मुलं आणि एक मुलगी आहे, आईवडील हयात नाहीत. मालाचे ४० भाग केले तर बायकोला ५, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. “ती लग्न करून गेली” म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. धंद्यात राबलेल्या भावाची मेहनत खरी आहे, पण तिचा मोबदला पगार किंवा नफ्यातला वाटा म्हणून आधीच ठरवायला हवा.

म्हणून वडील हयात असतानाच तीन कामं उरकावीत. भागीदारीचा लेखी करार करावा. जागा, मशीन आणि माल कोणाचा, हे कागदावर आणावं. परवान्यावरचं नाव बदलायची रीत वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावी. हिबा करायचा असेल, तर ताबाही खरोखर द्यावा, नुसतं तोंडी बोलणं पुढे टिकत नाही. गुंतागुंत असेल तर वकील आणि आलिम, दोघांनाही विचारावं.

वखारीचा धंदा उधारीवर चालतो, आणि उधारी लिहून ठेवायला सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत सांगितलंच आहे. गिऱ्हाइकाची उधारी आपण वहीत लिहितो. भावा-बहिणीचा हिस्साही तसाच लिहून ठेवला, तर वखारही टिकेल आणि घरही.