मृत्युपत्र आणि भविष्य निर्वाह निधीतील नामनिर्देशन

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत, म्हणजेच पीएफमध्ये, नॉमिनी म्हणून एकाचे नाव असेल आणि त्याच कर्मचाऱ्याने पुढे मृत्युपत्र करून ती रक्कम दुसऱ्याला दिली असेल, तर पैसे कोणाला मिळावेत, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण येथे दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. निधी कार्यालयाकडून रक्कम कोणी स्वीकारायची हा पहिला, आणि स्वीकारलेली रक्कम अखेर कोणाच्या मालकीची हा दुसरा. मृत्युपत्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलू शकत नाही. दुसऱ्याचे मात्र बदलू शकते.

नामनिर्देशन म्हणजे आपल्या मृत्यूनंतर रक्कम कोणाच्या हाती द्यावी, याची सदस्याने निधी कार्यालयाकडे केलेली नोंद होय. 1952 च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेचा 61 वा परिच्छेद सदस्याला ही नोंद हयातीत केव्हाही बदलू देतो. पण बदल विहित नमुन्यातच कळवावा लागतो आणि तो निधी आयुक्तांकडे पोहोचल्याच्या तारखेपासून अमलात येतो. मृत्युपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी कितीही काटेकोर केलेले असले, तरी ते कपाटात असते आणि कार्यालय आपल्या दप्तरातील नावाप्रमाणेच चालते. याच परिच्छेदातील आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. सदस्याला कुटुंब असेल, तर नामनिर्देशन कुटुंबीयांपैकीच कोणाच्या तरी नावे करावे लागते, आणि पुरुष सदस्याच्या बाबतीत कुटुंबाच्या व्याख्येत पत्नी, मुले, अवलंबून असलेले आईवडील, तसेच मृत मुलाची विधवा व मुले येतात, भाऊबहीण येत नाहीत. कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन पुढे कुटुंब झाल्याबरोबर रद्द समजले जाते, त्यामुळे अविवाहित असताना भावाचे नाव लिहून विसरून गेलेल्या सदस्याचा अर्ज लग्नानंतर निरर्थक ठरतो.

मालकीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाची दिशा दीर्घकाळ एकच राहिली आहे. आयुर्विम्याबाबतच्या 1983 च्या सरबती देवी खटल्यात न्यायालयाने म्हटले की, नॉमिनी हा केवळ रक्कम स्वीकारणारा असतो आणि रकमेवरील हक्क वारसा कायद्यानेच ठरतो. विम्याच्या कायद्यात 2015 साली दुरुस्ती होऊन आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले या नॉमिनींना त्या रकमेवर लाभाचा हक्क मिळाला. भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीत तसे झालेले नाही. लग्नापूर्वी आईचे नाव लावलेल्या एका बँक कर्मचाऱ्याच्या निधीवरून झालेल्या खटल्यात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी खटल्यातील तत्त्वच लागू केले आणि नॉमिनी असलेल्या आईबरोबर विधवा पत्नीचाही वारस म्हणून हक्क मान्य केला. वारसांना जे लागू, ते वैध मृत्युपत्राने ज्याला रक्कम दिली त्यालाही लागू होते: नॉमिनीने पैसे उचलले, तरी तो त्याच्याकडे ते मागू शकतो.

मागू शकणे आणि मिळणे यांत मात्र मोठे अंतर आहे. 1952 च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी अधिनियमाचे 10 वे कलम मृत सदस्याची रक्कम नॉमिनीकडे निहित होते, असे शब्द वापरते, आणि त्या शब्दांच्या आधारे नॉमिनी मालकीचा दावा करू शकतो. मग सून आणि सासू, किंवा सख्खी भावंडे, समोरासमोर उभी राहतात आणि दिवाणी दावा वर्षानुवर्षे चालतो, तोवर रक्कम खर्चूनही झालेली असू शकते. एक अर्ज वेळेवर बदलला असता तर हे सारे टळले असते, ही गोष्ट खरोखर क्लेशदायक आहे. म्हणूनच मृत्युपत्र करताना त्याच आठवड्यात निधीतील नावही तपासणे, आणि दोन्हींत एकच इच्छा उतरवणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

निवृत्तीनंतर निधीतून काढून बँकेत ठेवलेली रक्कम ही इतर मालमत्तेसारखीच असते आणि तिची विल्हेवाट मृत्युपत्राने लावता येते. कुटुंब निवृत्तिवेतनाची गोष्ट पूर्णपणे निराळी आहे. कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर पत्नीला किंवा पतीला आणि मुलांना मिळणारे हे निवृत्तिवेतन सेवानियमांनी थेट त्यांनाच दिलेले असते, मृताच्या संपत्तीत ते कधी जमाच होत नाही. म्हणून 1991 साली रेल्वे कर्मचाऱ्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कुटुंब निवृत्तिवेतन मृत्युपत्राने कोणालाही देता येत नाही.