आवाजाची कळ कोणती निवडावी?

गेल्या आषाढांत मला असें वाटूं लागलें कीं, आपला डावा कान गेला. रात्रीं घरांतील लहान मुलें निजल्यावर आवाज अगदीं मंद ठेवून गाणें ऐकण्याचा माझा जुना परिपाठ आहे. बारावींत शिकणाऱ्या नातवानें स्वहस्तें जुळविलेला प्रीॲम्प्लिफायर (आपण त्यास पूर्ववर्धक म्हणूं) नुकताच दिवाणखान्यांत आला होता. त्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांचें गाणें लावलें असतां स्वर उजवीकडे सरकलेला भासे. खाँसाहेब १९३७ सालीं निवर्तले. त्या काळचें ध्वनिमुद्रण एकमार्गी असे. तेव्हां दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज निघून गायक बरोबर मध्यें बसलेला वाटावयास हवा. अडुसष्टाव्या वर्षीं मनुष्य यंत्राच्या आधीं स्वतःवरच संशय घेतो. कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याचा दिवसहि मीं मनाशीं ठरविला होता.

नातवानें मात्र निराळा मार्ग काढला. "आजोबा, पाठ फिरवून बसा पाहूं," तो म्हणाला. मी पाठमोरा बसलों, तों मंद बाजू उजव्या कानाकडे आली! कान निर्दोष ठरला. मग त्यानें स्पीकरांच्या तारांची अदलाबदल केली; मंदपणा दुसऱ्या स्पीकरांत गेला, अर्थात् स्पीकर निर्दोष. त्या तारा पूर्ववत् लावून त्यानें पूर्ववर्धकांत येणाऱ्या तारा पालटल्या. मंदपणा जागचा हलला नाहीं, अर्थात् गाणें पुरविणारें यंत्रहि निर्दोष. शेवटीं आवाज मोठा केला, तों दोन्ही बाजू समान! न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेक मीं वर्गांत अनेकदां शिकविला. पण त्याचा असा प्रयोग घरांत प्रथमच पाहिला. दोष सिद्ध झाला तो आवाजाच्या कळीवर.

या कळीस दुकानांत नुसतें 'पॉट' म्हणतात. तिच्या पोटांत कार्बनाची अर्धवर्तुळाकार पट्टी असते. पट्टीच्या एका टोकास ध्वनीचा विद्युत्‌प्रवाह येतो, दुसरें टोक भूमीस जोडलेलें असतें, आणि सरकता स्पर्शक जेथें टेकेल तेवढाच अंश पुढें जातो. डाव्या व उजव्या बाजूंसाठीं अशा दोन पट्ट्या एकाच दांड्यावर बसविलेल्या असतात.

आतां कानाचा स्वभाव पाहा. आवाज दुप्पट मोठा वाटावा, तर शक्ति सुमारें दहापट लागते. म्हणून सर्वत्र समप्रमाण असलेली, म्हणजे 'लीनियर', पट्टी येथें जशीच्या तशी उपयोगी नाहीं. कळ जराशी फिरवितांच आवाज अंगावर येतो. 'लॉग' पट्टी आरंभीं हळूहळू वाढते. परंतु स्वस्त लॉग पट्टी ही बहुधा भिन्न रोधाचे दोन-तीन तुकडे सांधून केलेली असते, आणि दोन पट्ट्यांचे सांधे तंतोतंत जुळत नाहींत. त्यामुळें तळाशीं दोन्ही बाजूंत तीन-चार डेसिबलांचा फरक सहज पडतो. रात्रीं ऐकणाऱ्याचा मुक्काम नेमका तेथेंच असतो!

खरेदीच्या वेळीं अक्षरांनीं फसूं नये. आजच्या आशियाई मालावर बहुधा 'ए' म्हणजे लॉग व 'बी' म्हणजे लीनियर असतें. जुन्या युरोपीय मालावर उलट अर्थ आढळतो. यास्तव कळ बरोबर मध्यावर ठेवून मीटरनें मोजावी. निम्मा रोध भरला तर ती लीनियर. दहा ते वीस टक्के भरला तर लॉग.

रोध किती असावा? कळीचा स्वतःचा अडथळा अधिकांत अधिक तिच्या रोधाच्या चतुर्थांशाइतका होतो. १०० किलोओमच्या कळीचा तो २५ किलोओम झाला. तिच्यापुढें ५०० पिकोफॅरडची लांब केबल जोडली, तर सुमारें १३ किलोहर्ट्‌झच्या वरचे सूक्ष्म स्वर गळूं लागतात. १० किलोओमच्या कळीनें हीच मर्यादा १२७ किलोहर्ट्‌झपर्यंत जाते व खरखरहि घटते. आधुनिक यंत्रांस १० किलोओम उत्तम. व्हाल्व्हच्या यंत्रांस मात्र ५० वा १०० लागतात.

उपायांपैकीं पहिला जवळजवळ फुकटचा आहे. सीडी वाजविणारें यंत्र सुमारें दोन व्होल्ट देतें. पुष्कळशा पॉवर ॲम्प्लिफायरांस एक व्होल्टाच्या आसपास पुरे होतें. असें असतां आमचा पूर्ववर्धक दहापट वाढ करीत होता! कळ सदैव तळाशीं राहणारच. नातवानें दोन रेझिस्टर बदलून वाढ दुपटीवर आणली, आणि तीच कळ मध्याजवळ येऊन पुष्कळ समतोल झाली.

एवढ्यानें न भागल्यास तीन मार्ग उरतात. चांगल्या कारखान्याची, जुळवून केलेली कळ घेणें हा सर्वांत सोपा. दुसरा मार्ग पीटर बॅक्संडॉल या इंग्रज अभियंत्याचा: त्यांत लीनियर कळच वाढ करणाऱ्या मंडलांत बसवितात, फल केवळ स्पर्शकाच्या स्थानावर अवलंबून राहतें व आवाज कमी करतांच खरखरहि कमी होते. तिसरा मार्ग पायऱ्यांच्या स्विचाचा. २४ स्थानांच्या स्विचांत एक स्थान मौनाचें ठेवून उरलेल्यांत दोन-दोन डेसिबलांच्या पायऱ्या केल्या, तर ४४ डेसिबलांचा पल्ला मिळतो. एका बाजूस २३, असे ४६ एक टक्क्याचे रेझिस्टर लागतात. मग दोन्ही बाजूंतील फरक अर्ध्या डेसिबलाच्या आंत राहतो. स्विच मात्र पुढील स्थान धरल्यावरच मागील सोडणारा असावा, नाहींतर प्रत्येक पायरीस खट्ट होतें.

आम्हीं तिसरा मार्ग धरिला. रेझिस्टर मोजून कागदावर मांडण्याचें काम माझ्याकडे होतें, डाख देण्याचें नातवाकडे. चार रविवार गेले. सूनबाईंस जेवणासाठीं आम्हांस तीन-तीन वेळां हांका माराव्या लागल्या, एवढाच काय तो घरास उपसर्ग झाला.

आतां रात्रीं कळ पांचव्या पायरीवर असते. शेजारच्या खोलींतील तान्हें बाळ जागें होत नाहीं, आणि खाँसाहेब बरोबर मध्यें बसून गातात. डॉक्टरांकडे जावें लागलें नाहीं. वाचकांपैकीं जे समवयस्क असतील त्यांस इतकेंच सांगणें कीं, ऐकूं कमी येऊं लागल्यास कान अवश्य तपासावेत; परंतु त्यापूर्वीं एकदां पाठ फिरवून बसून पाहावें.