जपानी कुंचल्यांतला राम

प्रभु रामचंद्राचें चरित्र ‘कार्टून’ म्हणून पडद्यावर यावें कीं नाहीं, हा प्रश्न अलीकडे पुष्कळ घरांतून ऐकूं येऊं लागला आहे. निमित्त असें झालें कीं, ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा तीस वर्षांमागचा जपानी बोलपट नवें, उजळ रूप घेऊन २४ जानेवारी २०२५ रोजीं आपल्या देशांतील चित्रगृहांत प्रदर्शित झाला. तेव्हांपासून मुलें तो पाहण्याचा हट्ट धरूं लागलीं, आणि ज्या आजी-आजोबांनीं त्याच मुलांस रामरक्षा शिकविली ते साशंक झाले. कार्टून म्हणजे उंदीर-मांजरांची पळापळ, एवढीच ज्यांची ओळख, त्यांस रामाचें नांव त्याच्याशीं जोडलेलें खपूं नये यांत नवल नाहीं. परंतु हा बोलपट कोणीं केला व कोणत्या भावनेनें केला, हें आधीं समजून घ्यावें आणि मग मत द्यावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

या उद्योगाचे मूळ प्रवर्तक युगो साको हे जपानी गृहस्थ. १९८३ सालीं ते भारतांत आले ते पुरातत्त्ववेत्ते ब्रजबासी लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठीं. तेव्हांच्या अलाहाबादेनजीक शृंगवेरपूर येथें हें काम चाललें होतें. वनवासास निघालेल्या रामाचें निषादराज गुहानें जेथें स्वागत केलें तेंच हें गंगातीरचें स्थान, अशी परंपरा आहे. हीं शहाणीं माणसें ज्या कथेचा माग कुदळीनें काढीत आहेत, ती कथा तरी कशी आहे, असें कुतूहल त्या पाहुण्यास वाटलें असावें. त्यांनीं जपानी भाषेंत मिळणारीं दहा रामायणें वाचून काढलीं. आपणांपैकीं किती जणांनीं दोन तरी समग्र वाचलीं आहेत, हा हिशेब ज्यानें त्यानें मनांतल्या मनांत करावा.

संकटांचा आरंभहि त्याच वर्षीं झाला. एका इंग्रजी वृत्तपत्रांत विपर्यस्त बातमी छापून आली, आणि विश्व हिंदु परिषदेनें दिल्लींतील जपानी वकिलातीकडे निषेधाचें पत्र धाडलें. रामायण हा भारताचा राष्ट्रीय ठेवा असून परदेशस्थ मनुष्यानें तो मन मानेल तसा पडद्यावर आणूं नये, असा त्या पत्राचा आशय होता. साको यांनीं गैरसमज दूर केला. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर रामराम ठोकून मायदेशीं परतला असता. यांनीं उलट रामायणाचा ॲनिमेशनपट काढण्याचीच कल्पना पुढें मांडली. राम हा देव आहे, तेव्हां एखाद्या नटाकडून त्याचें सोंग घेवविण्यापेक्षां त्यास चित्रांतून दाखविणें अधिक उचित, असें त्यांचें म्हणणें होतें. भारत सरकारकडे सहनिर्मितीची गोष्ट काढली. तेथेंहि नकार मिळाला. विषय अतिशय नाजूक, तो कार्टूनच्या रूपानें मांडण्याजोगा नाहीं, असें मत पडलें; शिवाय अयोध्येचा वाद त्या दिवसांत पेटलेला होता. अखेर जपानी पैशानें, जपानांतच काम उभें राहिलें. १९९० सालीं तें सुरू झालें आणि दोन्ही देशांचे मिळून सुमारें साडेचारशें कलावंत त्यांत राबले. जानेवारी १९९३ मध्यें दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवांत तो प्रथम दाखविला गेला. तत्पूर्वीं महिनाभर, ६ डिसेंबर १९९२ रोजीं, अयोध्येंत काय घडलें हें वाचकांस सांगावयास नको. अशा हवेंत या चित्राची गाजावाजा करून मिरवणूक निघणें शक्यच नव्हतें. हिंदी बोलीसह तो चित्रगृहांत यावयास आणखी कित्येक वर्षें लोटलीं.

आक्षेप घेणारांची भीति आम्ही सर्वस्वीं निराधार म्हणणार नाहीं. आपल्या देवतांचीं चित्रें परदेशीं पायपुसण्यांवर छापलीं गेलेलीं आपण वाचलीं आहेत. पण प्रत्येक परक्या हातास त्याच मापानें मोजावें काय? ज्या देशांतून साको आले, तेथें आपली सरस्वती ‘बेन्झाइतेन’ या नांवानें आजहि पूजिली जाते, आणि आपल्याकडे जिची ओळख पुराभिलेख वाचणारांपुरतीच उरली ती सिद्धम् लिपी तेथील मंदिरांत अद्याप गिरविली जाते. बाराव्या शतकांतील ‘होबुत्सुशू’ या जपानी ग्रंथांत रामकथेचें एक रूपांतर सांपडतें. म्हणजे साको यांच्या पूर्वीं आठशें वर्षें राम तेथें जाऊन पोचला होता. फक्त त्याची वार्ता आपणांस नव्हती. संस्कृताच्या व्यासंगांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांनीं तरी त्या देशास सर्वथा परका म्हणूं नये.

चित्रांतून देवचरित्र सांगणें हीन आहे, असें जें म्हणतात, त्यांस आम्ही आमच्याच मुलखाची आठवण देतों. देगलूरपासून जवळच होट्टल येथें चालुक्यकालीन सिद्धेश्वराचें मंदिर आहे. त्याच चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत, कल्याणच्या राजधानींत, ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत रंगविलेलीं चित्रें दाखवीत कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. पैठणच्या नांवानें ओळखिलीं जाणारीं चित्रें आणि सावंतवाडीजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी हा त्याच कुळाचा विस्तार. दिव्यापुढें एकामागून एक पोथीचीं चित्रें धरावयाचीं आणि प्रत्येक पात्राचा आवाज निराळा काढून कथा रंगवावयाची, हीच ती रीत. चित्र मुकें आणि वाणी निवेदकाची! ॲनिमेशनपटांत याहून निराळें काय असतें? चित्रें तेथें झरझर सरकतात इतकेंच. ज्या गांवाचें नांव धुंडामहाराज देगलूरकरांच्या निरूपणांनीं आणि गो. बं. देगलूरकरांच्या मूर्तिशास्त्राच्या अभ्यासानें महाराष्ट्रभर झालें, त्या गांवच्या लोकांस शब्द आणि रूप यांचें हें नातें नव्यानें शिकविण्याचें कारण नाहीं.

नटाचा मुद्दाहि जुनाच आहे. दादासाहेब फाळक्यांनीं १९१७ सालीं ‘लंकादहन’ काढलें तेव्हां अण्णा साळुंके या एकाच माणसानें राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. स्त्रिया काम करावयास मिळत नव्हत्या, म्हणून ही युक्ति. आणि याच फाळक्यांनीं १९१५ सालीं ‘आगकाड्यांची मौज’ या लहानशा चित्रांत निर्जीव काड्यांस पडद्यावर नाचविलें होतें. अर्थात् निर्जीवास हलविण्याची विद्या आपल्या प्रांतांत जपानहून आयात करण्याची पाळी आलेली नव्हती. ती पुढें वाढविण्याची चिकाटी मात्र कमी पडली.

ती चिकाटी ज्यांनीं दाखविली त्यांत राम मोहन यांचें नांव अग्रभागीं येतें. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें १९५६ सालीं कार्टून-शाखा निघाली, तींत क्लेअर वीक्स या डिस्नेच्या कलाकाराच्या हाताखालीं ते तयार झाले. जातकांतील न्यग्रोधमृगाची कथा त्या शाखेनें १९५७ मध्यें चित्रित केली. साको व कोइची सासाकी यांच्याबरोबर रामायणाचे तिसरे दिग्दर्शक हेच राम मोहन. त्यांचें व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांचें मुख्य काम कोणतें, तर जपानी चित्रकारांच्या हाताला आपलें वळण लावण्याचें. धोतर नेसतात कसें, त्याच्या निऱ्या चालतांना कशा हलतात. लहानानें वडिलांस नमस्कार करावा तो कसा आणि वडिलांनीं हात मस्तकावर ठेवावा तो कोठें. हें सारें समजावून द्यावें लागलें. जपानी मनुष्य कमरेंतून वांकतो, पण पायांस हात लावीत नाहीं. आपल्या घरांत चार वर्षांचें पोर जें न शिकतां करतें, तें कागदावर उतरविण्यासाठीं परदेशच्या निष्णात कलावंतास पुनःपुन्हां गिरवावें लागलें, ही गोष्ट आम्हांस मोठी मनोरम वाटते.

श्रम किती पडले तेंहि पहावें. पडद्यावर एका सेकंदांत चोवीस चौकटी सरकतात. बोलपट १३५ मिनिटांचा, म्हणजे ८,१०० सेकंदांचा. चौकटी झाल्या १,९४,४००. एक चित्र दोन चौकटींस वापरावें अशी सर्वसाधारण रीत असते. त्या हिशेबानें ९७,२०० चित्रें होतात. सुमारें एक लाख चित्रें हातानें काढलीं असें जें सांगण्यांत येतें, तें या त्रैराशिकाशीं बरोबर जुळतें. यंत्रगणकाचें साहाय्य त्या काळीं या कामांत नव्हतें. पारदर्शक पत्र्यांवर रेषा आणि रंग, सगळें हातचें.

दोष नाहींत असें नव्हे. चोवीस हजार श्लोकांचें काव्य सव्वादोन तासांत कोंबतांना बरेंच गळलें आहे, आणि अयोध्येस परतण्यापाशीं कथा आटोपते. आपण संकल्पांत नित्य ज्या दंडकारण्याचें नांव घेतों, तें येथें फार ओलें व हिरवेंगार झालें आहे. पळसाचें, बाभळीचें आमचें रान तें नव्हे. पण मुखांवरील भाव शुद्ध आहेत आणि कोठेंहि थट्टेचा सूर नाहीं. मुलांस दाखवावा कीं नाहीं, असें कोणी विचारल्यास आम्ही निःशंकपणें ‘दाखवावा’ म्हणूं. मात्र शेजारीं बसून दाखवावा.

आतां आवाजांविषयीं. आमच्या मतें या चित्राची खरी मौज येथेंच आहे. साको यांनीं रामास नटाच्या देहापासून वांचविलें, पण वाणी कोठून आणणार? ती मनुष्याकडूनच घ्यावी लागली. मूळ संवाद इंग्रजींत. तेथें निखिल कपूर हे राम, रेल पदमसी सीता आणि उदय मथन रावण. हिंदी आवृत्तींत अरुण गोविल यांनीं रामास आवाज दिला. १९८७-८८ सालीं रविवारच्या सकाळीं दूरदर्शनवर ज्यांस पाहून लोक हात जोडीत, तेच हे गोविल. रूप जपानी चित्रकाराचें, आणि कानीं पडतांच ओळखीचें वाटावें असें बोलणें त्यांचें! सीता नम्रता साहनी यांच्या मुखानें बोलली, रावण अमरीश पुरी यांच्या, आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हांनीं केलें. पुरींचा खर्जांतला आवाज रावणाच्या दहाहि मुखांस पुरून उरणारा होता. अमेरिकेंतील आवृत्तींत ब्रायन क्रॅन्स्टन राम झाले, तर निवेदन जेम्स अर्ल जोन्स यांचें. २०२५ च्या हिंदी आवृत्तींत आवाज पुन्हां बदलले; युधवीर दहिया राम, राजेश जॉली रावण आणि सोनल कौशल सीता. या सोनलबाईंचाच आवाज डोरेमॉन नांवाच्या निळ्या बोक्याच्या मुखीं आपल्या मुलांनीं वर्षानुवर्षें ऐकलेला आहे.

एका भाषेंतील ओठांवर दुसऱ्या भाषेचे शब्द बसविणें हें काम दिसतें त्याहून कठीण आहे. चित्रांतील ओठ जितका वेळ हालतात, तितक्याच वेळांत वाक्य संपलें पाहिजे. ओठ मिटतांना ‘म’ किंवा ‘प’ आल्यास उत्तम. अनुष्टुभाचे पाद पुरे करण्यासाठीं कवि ‘च’, ‘वै’, ‘तु’, ‘हि’ यांची योजना करीत. या नव्या भाषांतरकारांसहि तसेंच पादपूरण करावें लागतें. आमच्या पाठशाळेंतील गुरुजींस हें कळतें तर त्यांनीं छंदःशास्त्राचे चार विद्यार्थी तरी मुंबईस या व्यवसायांत धाडले असते!

आणि आतां मनास लागलेली गोष्ट. वनराज भाटिया यांनीं संगीत दिलेल्या मूळ आवृत्तींत संस्कृत गीतें आहेत. तीं लिहिलीं वसंत देव यांनीं. देव हे मराठी नाटकें हिंदींत नेणारे विद्वान. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’वर आधारलेल्या ‘उत्सव’ या १९८४ च्या बोलपटाचीं गाणींहि त्यांचींच. जपानी चित्रांच्या मागें, मराठी माणसानें रचलेलें संस्कृत गीत गुजराती संगीतकाराच्या स्वरांत ऐकूं येतें, तेव्हां आम्हांस कांहीं काळ शब्द सुचेना. पुढें हिंदी आवृत्तींत तीं जाऊन हिंदी गीतें आलीं. व्यवहारास तें सोयीचें असेल. आम्हांस तो तोटाच वाटतो.

२०२५ च्या प्रदर्शनासाठीं हिंदी, तामीळ, तेलुगू व इंग्रजी अशा चार भाषा योजिल्या गेल्या. मराठी त्यांत नाहीं. देगलूर हें सीमेवरचें गांव. येथून तेलंगणाची हद्द हाकेच्या अंतरावर, कर्नाटकहि दूर नाहीं. आमच्या आळींत तेलुगू बोलणारीं कुटुंबें आहेत. त्यांच्या मुलांस रामाचें बोलणें आईच्या भाषेंत मिळतें, आणि आमच्या मुलांस तें हिंदींत ऐकून मनांत मराठी करून घ्यावें लागतें. ‘भावार्थ रामायण’ लिहिणारे एकनाथमहाराज ज्या मराठवाड्यांतले, समर्थ रामदासांचें जांब ज्या मराठवाड्यांत, तेथें ही स्थिति! मराठी प्रेक्षक हिंदी समजतो, सबब निराळा खर्च कशाला, असें व्यापारी म्हणतो. पण १९३२ सालीं प्रभात कंपनीनें रामाच्याच कुळांतील हरिश्चंद्राची कथा ‘अयोध्येचा राजा’ म्हणून मराठींत व हिंदींत अशी दोनदां चित्रित केली होती, तेव्हांहि मराठी माणसास हिंदी समजत नव्हतें असें नाहीं.

राम मोहन यांस २०१४ सालीं पद्मश्री मिळाली; २०१९ मध्यें ते गेले. साको तर २०१२ सालींच निवर्तले होते. आपल्या रामाचें हें दुसरें आगमन पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. मराठी आवाज देण्याचें काम कोणी मनावर घेतल्यास आजहि अशक्य नाहीं. चित्रें तयार आहेत, गळे आपल्याकडे उत्तमोत्तम आहेत, उणीव काय ती शब्दांची. आमच्या घरच्या मुलांनीं आपल्यापुरता आरंभ केला आहे. संचाचा आवाज बंद करावयाचा, आमच्याकडून वाक्यें लिहून घ्यावयाचीं आणि ओठ हालतील तितक्या वेळांत म्हणून पहावयाचीं. शेजारचीं तेलुगू मुलें पंच म्हणून बसतात आणि वाक्य लांबलें कीं टाळ्या वाजवितात. कुंभकर्णास जागें करण्याचा प्रसंग सध्यां चालू आहे. थोरल्यास रावण व्हावयाचें आहे, धाकटी म्हणते रावण मीच, आणि कुंभकर्ण होण्यास अद्यापि कोणी राजी नाहीं.